मोजणीकाकांच्या हद्दीतला निवडुंग

मोजणीकाकांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट अंदाजाने केलेली नाही. चहात साखर किती घालू, असं विचारल्यावर "एक चमचा, वरून सपाट" असं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि पाहायची हौसही नाही. त्यांची सगळी नोकरी सरकारी मोजणी खात्यात गेली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असा बांध सापडणार नाही, ज्यावर उभं राहून काकांनी दोन सख्ख्या भावांना "तुमी तिकडं सरा, तुमी हिकडं सरा" असं सांगितलं नसेल. रिटायर झाले तेव्हा नारळ मिळाला, शाल मिळाली आणि नोकरी सुटली. सवयी मात्र काका घरी घेऊन आले. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेलच, पण आमच्या आळीत ते मोजणीकाका. मी तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते आणि राहायलाही त्यांच्या समोरच आहे, म्हणजे दिवसा दुकानात आणि संध्याकाळी ओट्यावर, दोन्हीकडून त्यांच्या तावडीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. थोडी तक्रार आहे, पण तेवढी शेजाऱ्यांत चालते.

काकांच्या उमेदीत जमीन साखळीने मोजत. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा भाग, आणि एका भागाला म्हणायचं आणा. म्हणजे एक आणा दोन फुटांहून अंमळ जास्त. पुढे मीटरची टेप आली, यंत्रं आली, आता तर आभाळातल्या उपग्रहाला विचारून मोजतात. काका आण्यावरच राहिले. शिंप्याला पँटची उंची सांगताना ते "दीड आणा" म्हणत, आणि शिंपी बिचारा माझ्या दुकानात येऊन त्याचे इंच करून घेऊन जाई. लेकीला पहिली मुलगी झाली तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी वितीने मापलं आणि समाधानाने जाहीर केलं, "पाऊण आण्याच्या थोडी वर हाय." काकू बाळंतिणीच्या डोक्याला तेल चोळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आता तिच्या चतुःसीमा पन लिवून काढा."

चालतानाही त्यांचं मोजणं चालूच. घरापासून माझ्या दुकानापर्यंत किती पावलं पडतात हे त्यांना पाठ होतं, तरी रोज नव्याने मोजत. वाटेत कोणी "काय काका, बरं हाय का" असं विचारलं तर तळहात पुढे करून त्याला थांबवत, "दोनशे चौदा" असं मोठ्याने म्हणत, मग "बरं हाय" म्हणत आणि दोनशे पंधरावं पाऊल टाकत. नवखा माणूस घाबरून बाजूला होई. माझ्या भाचीच्या लग्नात पंगत बसली होती, भात वाढून झाला होता, वरण पडायचं तेवढं बाकी होतं, आणि काकांनी खिशातून दोरी काढली. तिसरी रांग मधेच फुगलीय, असं त्यांचं म्हणणं. बारा माणसं पत्रावळ्या हातात धरून उठली, चार बोटं मागे सरकली आणि परत बसली. सगळे मुलाकडचे, त्यामुळे मी जीव मुठीत धरून उभी. पण त्यातलेच एक आजोबा वाकून रांगेकडे बघत म्हणाले, "आता कसं ब्येस दिसतंय," आणि तेव्हापासून लग्नकार्यात काकांना आवरणं कोणाच्या हातात राहिलं नाही.

एकदा आम्ही सगळे खोडदला साखरपुड्याला गेलो होतो. तिथे शेतांच्या मधे रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. काका फाटकाशी थांबले, एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "ही जरा कललीय." तो म्हणाला, "आवो काका, ती फिरती हाय." काका म्हणाले, "मंग फिरू द्या. मी थांबतो." इकडे अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले, आणि काका तिकडे उन्हात उभे. तबकडी हळूहळू वळली तेव्हा त्यांनी मान डोलावली, "आता बरोबर हाय" म्हणाले आणि जेवायला आले.

असा माणूस निवडुंगाच्या नादी कशाला लागला, तर त्याचंही कारण मोजणीच. बावीस वर्षांपूर्वी काकांनी आमच्या समोरची जागा घेतली, घर बांधलं आणि हद्द स्वतः मोजली. लागून जागा गादीवाल्या चाचांची. चाचांच्या घराण्यात कापूस पिंजायचं काम कधीपासून चालत आलंय ते त्यांनाही माहीत नाही, आणि अर्धं जुन्नर त्यांनी शिवलेल्या गादीवर झोपतं. दोघांच्या अंगणांमधे भिंत नव्हती, तेव्हा कोपऱ्यावर हद्दीची काहीतरी खूण हवी. "दगड लोक सरकवत्यात ताई, मी जलमभर त्येच बघत आलो," असं म्हणून काकांनी कुठूनसा हातभर निवडुंग आणला आणि हद्दीवर लावला. खांबासारखा उभा वाढणारा, अंगाला पैलू पडलेला, आणि पैलूच्या धारेवर ओळीने काटे. "आता सरकवा म्हनावं," काका म्हणाले. कोणी सरकवला नाही. बावीस वर्षांत तो साडेपाच आणे झाला, म्हणजे अकरा फुटांच्या वर गेला, त्याला माणसाच्या दंडासारख्या सात फांद्या फुटल्या, आणि त्याने काकूंच्या सहा साड्या, माझी एक ओढणी आणि पोस्टमनच्या शर्टाचा खिसा फाडला. दारात काटेरी झाड ठेवू नये, घरात भांडणं होतात, असं आळीतल्या बायका काकूंना सांगत. काकू म्हणत, "घरात कशाला व्हतील बाई, ती समदी बांधावर व्हत्यात."

ते खोटं नव्हतं. रोज संध्याकाळी पाचला काका निवडुंगाच्या अलीकडे खुर्ची टाकत आणि चाचा पलीकडे. मधे झाड असल्यामुळे एकमेकांची तोंडं धड दिसत नसत, पण भांडायला तोंड दिसायची गरज नसते. चाचांच्या अंगणात कापूस पिंजला की उडून काट्यांत अडके, आणि लांबून बघणाऱ्याला वाटे झाड फुललंय. "तुमचा कापूस माझ्या झाडावर येतोय," काका म्हणत. "तुमचं झाड माझ्या कापसात येतंय," चाचा म्हणत. तिथून गाडी जी सुटे ती यंदा कांद्याने कोणाला रडवलं, जुन्नरचा स्टँड कोणी बांधला, जुन्या गाद्या चांगल्या की नव्या, अशी कुठेही जाई आणि दिवेलागणीला थांबे. मी ओट्यावर भाजी निवडत ऐकायची. एखाद्या दिवशी चाचा परगावी गेले आणि भांडण झालं नाही तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं, मग काकांचं काय होत असेल.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेक घोडेगावला शिक्षिका आहे; तिने आपल्या शेजारचंच अंगणवालं छोटं घर आईबापांसाठी बघितलं. इथलं घर नारायणगावच्या एका तरुण जोडप्याने घेतलं. मुलगा भला होता. तो म्हणाला, "काका, तुमी सावकाश जा. मी पावसाळ्याच्या आत सरकारी मोजणी मागवतो आणि कंपाउंड घालून घेतो." त्या दिवसापासून काकांनी एकच लकडा लावला: सामान मागून जाईल, आधी निवडुंग. ताबडतोब. मोजणी यायच्या आत. पलंग, कपाट, देव, सगळं नंतर. आम्हाला वाटलं म्हातारपणी झाडावर जीव जडला असेल. काकू म्हणाल्या, "मला न्ह्यायचं तेवढं ध्यानात ऱ्हाऊ द्या."

आणि स्वतःच्या अंगणातलं झाड हलवायला काकांनी काय करावं, तर शेजाऱ्यांना नोटिसा काढल्या. दुकानात ऐन गर्दीच्या वेळी आले, "ताई, तीन प्रती," म्हणाले आणि उभ्या उभ्या मजकूर सांगायला लागले. "सदर निवडुंग घोडेगाव येथे स्थलांतरित करावयाचा असून, जागा लागून असलेल्या सर्वांनी रविवारी सकाळी सात वाजता समक्ष हजर राहावे. हजर न राहिल्यास काही एक म्हणणे नाही असे समजण्यात येईल." एक प्रत चाचांना. एक मागच्या बंद घराच्या कुलपात खोचायला. उरलेल्या दोन बाजू रस्त्याच्या आणि रस्त्याला नोटीस घेता येत नाही, तेव्हा तिसरी प्रत रस्त्यापलीकडची म्हणून मला. माझीच नोटीस मी टाईप केली, सहीने घेतली आणि पोच दिली. खाली तक्ता होता. उंची साडेपाच आणे, फांद्या सात, बुंध्याचा घेर, सकाळची सावली, दुपारची सावली. शेवटचा रकाना 'घराच्या भिंतीपासून बुंध्याचे अंतर'. मी विचारलं, किती लिहू. काका चष्मा पुसायला लागले. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मोजणीकाका एखादा रकाना मोकळा सोडतात हे मी पहिल्यांदाच बघत होते, पण समोर चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, मी आपली झेरॉक्स काढायला वळले.

रविवारी सातला आम्ही हजर. मी पंच म्हणून, चाचा शेजारी म्हणून, आणि काकू पायरीवर बसून हसायला म्हणून. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. झाडाचं पाणी पंधरा दिवस तोडलेलं होतं, म्हणजे अंगातला ओलावा कमी होऊन वजन उतरतं आणि कापलेली जागा कुजत नाही. फांद्यांवर चुन्याने एक ते सात आकडे घातले होते. काका त्यांना 'हिस्सा नंबर' म्हणत. बुंध्याच्या उत्तरेच्या अंगाला होकायंत्र लावून चुन्याचा टिळा ओढला होता, कारण जे अंग उन्हाला सरावलेलं आहे तेच नव्या जागी उन्हाकडे यायला हवं, नाहीतर झाड भाजतं. हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. मग काकांनी नोटीस खणखणीत आवाजात वाचली आणि नोकरीत हजार वेळा विचारलं असेल तसं विचारलं, "कोनाची काही हरकत?" हा प्रश्न काही उत्तरासाठी नसतो. मी पेनाला टोपण लावत होते.

"हरकत हाय," चाचा म्हणाले.

काकांना ते रोजचंच वाटलं. "त्ये पाचला बोलू," ते म्हणाले.

"न्हाई साहेब, लिवून घ्या. झाड माझ्या जागेत हाय."

मला चाचांचा रागच आला. माणूस गाव सोडून निघालाय, आणि यांना आज हे सुचतंय. मी तसं म्हणालेही, "चाचा, आज कशाला ते." चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते काकांकडे बघत होते, आणि काका जमिनीकडे.

"अकरा वर्सं झाली," चाचा म्हणाले. "आमच्या भावाभावांत वाटनी झाली तवा मोजनी आली व्हती. तुमी लेकीकडं गेला व्हता. त्यो मोजनारा म्हनला, चाचा, तुमचा कोपरा झाडाच्या पल्याड येतोय, फूटभर. खूण रोवू का? मी म्हनलं, कागदावर ऱ्हाऊ दे. खूण नको."

"का?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"का म्हंजी? साहेबाचं माप चुकलं म्हनून मी सांगायचं? तुमी त्या दिशी जेवला असता का? आन फूटभर जागंत मी काय ताजमहाल बांधनार व्हतो."

काका खुर्चीत बसले. म्हणाले, "मला नऊ वर्सांपूर्वी कळलं. सांडपान्याचा पाईप टाकायचा व्हता म्हनून मोजत व्हतो. चार डाव मोजलं. चारी डाव अर्धा आणा आत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नव्या मालकाची मोजणी आली की खरा कोपरा निघणार होता. झाड तिथेच उभं राहिलं असतं, तर दोन तालुक्यांच्या हद्दी लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची हद्द लावता आली नाही, हे सगळ्या जुन्नरने बोट दाखवून सांगितलं असतं. झाड आधीच हललं की कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. माणसाने नऊ वर्षं रोज संध्याकाळी स्वतःच्या चुकीशेजारी खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे काय होत असेल हो. मला फार वाईट वाटलं.

"तुमची घाई मला कळत न्हाई व्हय?" चाचा म्हणाले. "पन म्हनलं, ह्ये मनात घिऊन घोडेगावला कशापायी जायचं. हितंच टाकून जावा."

"मी सांगू का," पायरीवरून काकू बोलल्या. त्या आता हसत नव्हत्या. "हद्द मोजली त्या दिशी साखळीचं दुसरं टोक मी धरलं व्हतं. दूध उतू चाललं म्हनून टोकाची कडी दगडाखाली ठिवून आत गेले. परत आले तवा कुटल्या दगडाखाली ठिवली व्हती त्येच सापडंना. मंग अंदाजानं धरली."

"अंदाजानं," काका म्हणाले.

"व्हय."

"आन बावीस वर्सं बोलली न्हाईस."

"तुमी कुटं इचारलं."

चाचा तोंडावर पंचा धरून हसत होते, मलाही आवरेना, आणि मला वाटलं आता काका काकूंवर ढकलून मोकळे होतील. दुसरा कोणीही झाला असता. काका मात्र उठले, माझ्या हातातून पंचनाम्याचा कागद घेतला आणि म्हणाले, "कडी कोनी बी धरू दे. माप मी वाचलं." मांडीवर पाटी ठेवून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की सदर निवडुंग शेजाऱ्याच्या हद्दीत अर्धा आणा आत लावला गेला, चूक माझी. खाली सही केली. ओळ सरळ होती. पंच म्हणून मी सही केली तेव्हा मला अक्षर नीट दिसत नव्हतं, आणि ऊन डोळ्यावर आलं असं खोटं कारणही मी कोणाला दिलं नाही.

"आता माझी परवानगी लिवा," चाचा म्हणाले. "झाड साहेबानं न्यावं. एक फांदी हितं ठिवावी."

"कोनती?"

"चार नंबर. माझ्या कापसात येती ती."

मग काम सुरू झालं, आणि काम म्हटल्यावर काका परत माणसात आले. सातपैकी पाच फांद्या उतरवायच्या होत्या, नाहीतर झाड टेम्पोत मावत नव्हतं. करवत स्पिरिटने पुसली. चाचांनी गादीच्या जाड कापडाची पट्टी फांदीला गुंडाळून तिचा भार धरायचा आणि काकांनी कापायचं, असं ठरलं. पहिल्या फांदीला दोघांचं कापायच्या तिरपेपणावरून वाजलं, दुसरीला करवतीच्या दातांवरून. आत हिरवट, ओलसर गर निघाला. काकू जखमेवर राख आणि हळद लावत होत्या, पावडरच्या जुन्या पफने, अगदी कान टोचलेल्या मुलीला लावावी तशी. "ह्यानं माझ्या साड्या फाडल्या आन मी ह्याला पावडर लावतेय," असं प्रत्येक फांदीला म्हणत होत्या. कापलेल्या फांद्या सावलीत पोत्यावर नंबराने मांडल्या, कारण तोंड सुकून घट्ट झाल्याशिवाय त्या मातीत लावायच्या नसतात. चार नंबर चाचांच्या पडवीत गेली. सहा नंबर, मी नको नको म्हणत असताना, माझ्या गळ्यात पडली.

आठ दिवसांनी जखमा सुकल्या आणि मूळ खणलं. आता काट्यांचा हा खांब न्यायचा कसा, तर चाचांनी आपल्या दुकानातली जुनी दुहेरी गादी आणली, जमिनीवर अंथरली, झाड दोरांनी अलगद तिच्यावर आडवं केलं, गादी दोन्ही बाजूंनी वर घेतली आणि हातभर सुईने टाके घालायला बसले. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. दर टाक्याला काका शेजारी उभे. "अंतर सारखं ठिवा," म्हणाले. चाचा म्हणाले, "साहेब, मी चाळीस वर्सं गाद्या शिवतोय." काका म्हणाले, "म्हनूनच सांगतोय, डोळ्यावर भरवसा ठिवू नका." शेवटची गाठ मारून चाचांनी दोरा दाताने तोडला, गादीवर थाप मारली आणि म्हणाले, "मानसाला गादी घातली, झाडाला पैल्यांदाच घातली." मग उठून सुई पुसत ते तडक घरात गेले. टेम्पो निघाला तेव्हा ते बाहेर आले नाहीत. त्यांच्या सुनेने सांगितलं, पाणी पिताहेत. एवढं पाणी कोणी पीत नाही.

टेम्पोत पुढे काका आणि काकू, मागे गादीत शिवलेला निवडुंग आणि तो धरायला मी, कारण पंचाने मुक्कामापर्यंत सोबत असावं असा नियम काकांनी ऐन वेळी काढला. आतल्या रस्त्याने निघालो. टेम्पोवाला दर खड्ड्याला मागे वळून विचारी, "हाय का ताई?" एका वळणावर रस्त्याकडेच्या म्हाताऱ्याने गादीकडे बघून टोपी काढली आणि हात जोडले. काकांनी खिडकीतून गंभीरपणे उलट नमस्कार केला. मी म्हणाले, "काका, त्यांना वेगळंच वाटलं असेल." काका म्हणाले, "वाटू द्या. खुलासा करायला टाईम न्हाई."

घोडेगावला खड्डा तयार होता, अर्धा वाळूने आणि बारीक खडीने भरलेला. जागा कुठली, तर अंगणाच्या बरोब्बर मधोमध. सगळ्या बाजूंच्या कुंपणांपासून सारखी लांब. या वेळी साखळीचं दुसरं टोक काकांनी खुंटीला बांधलं आणि खुंटीपाशी लेकीला उभं केलं. टिळा उत्तरेला आणला, चार बाजूंनी बांबूचे टेकू दिले, आणि पंधरा दिवस पाणी घालू नये अशी पाटी लिहून लावली, खाली 'आदेशावरून' असं. नातीने विचारलं, कोणाच्या आदेशावरून. काकांनी तिला अंगणाबाहेर काढलं.

दिवाळीनंतर पंचायत समितीतल्या एका कामाला मी घोडेगावला गेले, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. झाडाने जीव धरला होता. शेंड्याला बोटभर कोवळा, पोपटी हिरवा भाग दिसत होता. काका अंगणात खुर्चीवर बसले होते. मला वाटलं झाडाचं कौतुक सांगतील, पण त्यांनी आधी विचारलं, "चार नंबर धरली का?" मी म्हणाले, धरली. नव्या मालकाची भिंत अगदी मापात आली, हेही सांगितलं. "येनारच," ते म्हणाले.

मी विचारलं, इथे कसं काय वाटतं. काकांनी विचार केला. "समदे लई चांगले हायेत ताई. ह्या अंगाचे गुरुजी हायेत, त्या अंगाची नर्सबाई हाय. मी काय बी बोललो तरी म्हनत्यात, तुमचं बरोबर हाय काका."

"मग चांगलंच की."

"चाचा दोन डाव येऊन गेला," ते म्हणाले. "एश्टीनं. येताना नातीला खाऊ आनतो. पावना म्हनून येतो ना आता. कालपरवा आला तर म्हनला, चा लई ब्येस झालाय." त्यांनी निवडुंगाकडे बघितलं. "बावीस वर्सांत त्यो माझ्या घरच्या कशालाच चांगलं म्हनला न्हवता."

काकूंनी चहा आणला. मी घेतला, छान झालाय म्हणाले आणि पाच वाजायच्या आत निघाले, कारण जुन्नरची गाडी होती. काका फाटकापर्यंत पोहोचवायला आले. गाडी मंचरला पोहोचेपर्यंत मी स्वतःवर चिडत राहिले, की चहात साखर जास्त पडलीय, असं तरी मी त्यांना म्हणायला हवं होतं.